इथे सोसायचं नाही

आमच्या ऑपरेशनच्या खोलीत सगळ्यात महत्त्वाचं यंत्र कुठलं, असं कुणी विचारलं तर बान डॉक्टर आपल्या दुर्बिणीकडे बोट दाखवतात आणि मी माझ्या एक्स-रेच्या यंत्राकडे. आम्ही दोघंही थापा मारतो. सगळ्यात महत्त्वाचं यंत्र म्हणजे पेशंटचं तोंड, आणि ते तोंड चालू ठेवायचं काम प्यो मालसुनचं होतं.

मालसुनताई नर्स नव्हे, नर्सच्या हाताखालची मदतनीस. ठेंगणी, आडव्या बांध्याची, आवाज मासळीबाजारात शोभेल असा. बंदराच्या मागच्या चढावर आमचं मणक्याचं हॉस्पिटल आहे, चारच मजल्यांचं, पण आमच्या थोंगयोंग गावातल्या अर्ध्या बायकांच्या कमरा मी तिथे आतून बघितल्यात. हिवाळाभर ह्या बायका शेडमध्ये उभ्या राहून कालवं फोडतात. हंगाम संपला की एक हात कमरेवर आणि एक भिंतीला धरून आमच्याकडे येतात. हंगाम चालू असताना एक मरायला येईल तर शपथ!

बान डॉक्टर पाठ उघडत नाहीत. कमरेच्या बाजूला करंगळी शिरेल न शिरेल एवढं भोक, त्यातून पेन्सिलीएवढी नळी, नळीत दुर्बीण. दोन मणक्यांमधली गादी फुटून नसेवर चढलेली असते, तिचा तेवढा तुकडा चिमट्याने ओढून काढायचा. पण नळीची वाट फार चिंचोळी, तिकोनी. एका बाजूने तिरकी उतरणारी नस, आतल्या अंगाला बाकीच्या नसांचा जुडगा, खाली मणक्याचं हाड. त्या तिकोनात राहिलात तर नसेला धक्का नाही. आता माणसं काही पुस्तकातून छापून येत नाहीत. कुणाची नस बोटभर इकडे, कुणाच्या कमरेचं हाड एवढं उंच की नळी हवी तशी तिरपीच होत नाही. आणि माझ्या एक्स-रेत हाड दिसतं, नस दिसत नाही. म्हणून पेशंटला पुरतं झोपवत नाहीत. वाटेपुरतं बधिर करतात, थोडी गुंगी देतात आणि जागं ठेवतात. नळी नसेला टेकली की पायात वीज चमकते, पेशंट ओरडतो, डॉक्टर हात मागे घेतात. ओरडण्यावर सगळी राखण.

आणि आमचं घोडं नेमकं इथेच पेंड खातं. आमची माणसं ओरडत नाहीत! लहानपणापासून एकच मंत्र, सोस. सुई टोचणारा म्हणतो जरा सोसा, दात उपटणारा म्हणतो सोसा, नवरा दारू पिऊन आला तर शेजारीण पण तेच सांगते. तोंडात फडकं कोंबून बाळंत झालेल्या ह्या बायका. टेबलावर पालथ्या पडतात, दात-ओठ खातात, आणि वर डॉक्टरलाच विचारतात, आमच्यामुळे काही त्रास नाही ना झाला?

म्हणून आदल्या संध्याकाळी मालसुनताई वॉर्डात शिरायची आणि एकेकीची हजेरी घ्यायची.

"आजी, उद्या माझ्यापुढे शहाणपणा नाही करायचा. पायात मुंगी आली तरी बोंबलायचं."

"अगं, बाहेर पुरुषमाणसं असतात गो."

"असू देत की. ती तर सुई बघूनच बोंबलतात. चला, आत्ता ओरडून दाखवा."

"आई गं..."

"हे काय? मांजर व्यालं का? मोठ्याने!"

सगळा वॉर्ड हसून हसून लोळायचा, आणि हसता हसता प्रत्येक म्हातारी एकदा तरी ओरडायची. मग ताई त्यांना त्यांच्याच भाषेत समजवायची. "कालवाच्या फटीत तुम्ही सुरी कशी घालता? मांस न फाटता, हळूच कडेने. डॉक्टर तेच करतात. फरक एवढाच, कालवाला तोंड नसतं आणि तुम्हाला आहे. ते वापरा. इथे सोसायचं नाही. सोसणारीला इथे बक्षीस नाही."

ऑपरेशन सुरू झालं की ती निळ्या कापडाखाली, पेशंटच्या डोक्याशी एका बुटक्या स्टुलावर बसायची, हात हातात घेऊन. डॉक्टर विचारायचे, "पाय?" ती आत विचारायची आणि बाहेर सांगायची. कधी कधी आतून क्षीण आवाज यायचा, "ठीक आहे," आणि लगेच ताईचा आवाज, "डॉक्टर थांबा, ह्या खोटं बोलतायत." आवळलेला हात तिला आधी कळायचा. डॉक्टर थांबायचे. एवढी वर्षं हे असंच चाललं होतं आणि मला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. माझं काम फोटो काढायचं. शेडमधल्या बायका मला फोटोवालाच म्हणतात.

एका वर्षी हंगाम संपल्यावर ओकबुन काकू आली. मुलाने पाठीवरून चढ चढवून आणली होती तिला. उजव्या पायात कळ, कमरेतून थेट अंगठ्यापर्यंत. नाव वाचून ताईचं तोंड उतरलं.

"काय गं ताई, सासू आली का?" मी म्हटलं.

"सासू परवडली," ती म्हणाली. माझ्या जिवाला चैन पडेना, मी खोदून खोदून विचारलं तेव्हा कुठे सांगितलं.

मालसुनचा बाप समुद्रात बुडून गेला तेव्हा ती शाळेत जायच्या वयाची होती. शाळा सुटली आणि ती कालवांच्या शेडमध्ये लागली, ओकबुन काकूच्या टेबलावर. काकू त्या टेबलाची मुकादम. तिच्या हाताचा वेग असा की बघणाऱ्याला सुरी दिसायची नाही, आणि जीभ त्याहून धारदार. पहिल्याच थंडीत मालसुनच्या हातातली सुरी सटकली आणि डाव्या अंगठ्याच्या बुडात खोल घुसली. पोर कळवळून ओरडली. काकूने बघितलं, फाटक्या रबरी हातमोज्याची पट्टी करकचून बांधली आणि म्हणाली, "ओरडतेस कशाला? सोस. हात थांबला की टोपली थांबते." संध्याकाळपर्यंत पोरीने कालवं फोडली. त्या अंगठ्याची एक बाजू आजही मेलेली आहे. गरम कप धरला तर ताईला कळत नाही, चटका बसून फोड आला की दिसतो.

"मग आता उट्टं काढ," मी चेष्टेने म्हटलं. "दुप्पट ओरडायला लाव म्हातारीला."

ताई हसली नाही. संध्याकाळी वॉर्डात गेली खरी, पण ओकबुन काकूपुढे उभी राहिली ती दोन्ही हात पोटाशी जोडून, चुकलेल्या कामवालीसारखी. "काही वाटलं तर सांगा हं काकू," एवढंच पुटपुटली. ओरडून दाखवा म्हणायची छाती झाली नाही तिची. त्या दिवशी वॉर्डातून हसण्याचा आवाज आला नाही, आणि मी मूर्ख, मला वाटलं बायका दमल्या असतील.

काकूची गादी अगदी खालच्या फटीत फुटली होती आणि कमरेचं हाड उंच. अवघड जागा. बान डॉक्टर सावकाश जात होते, दर पावलाला माझ्याकडून फोटो घेत होते. शिशाचा झगा घालून मी पलीकडे, कापडाखालचं हळू बोललेलं मला ऐकू येत नाही, ताईचा बाहेरचा आवाज तेवढा येतो.

"पाय?"

"ठीक आहे, डॉक्टर."

नळी थोडी आत गेली.

"आता?"

जरा वेळ लागला. "ठीक आहे."

तुकडा निघाला. चांगला मोठा होता, डॉक्टरांनी खूश होऊन तो मला पण दाखवला. टाका घातला, काकूला उताणी केली. डॉक्टर तिच्या पायाशी गेले आणि नेहमीसारखे म्हणाले, "काकू, दोन्ही पावलं वर ओढा बरं."

डावं पाऊल वर आलं. उजवं तसंच पडलेलं.

"उजवं पण."

"ओढलं की," काकू म्हणाली.

डॉक्टरांनी तिच्या पावलावर हात ठेवला, पुन्हा सांगितलं, आणि काकू पुन्हा तेच म्हणाली, जरा चिडून, की ओढलंय ना, दिसत नाही का? मी मालसुनताईकडे बघितलं. ती अजून स्टुलावरच होती आणि तिने काकूचा हात सोडून दिला होता.

नस दबली होती. तुटली नव्हती, पण चांगलीच दबली होती. पाऊल वर उचलणारी नस नेमकी त्या फटीतून बाहेर पडते. डॉक्टरांनी मुलाला खाली बसवून समजावलं, की नस फार जवळ होती, सूज उतरेल, काही महिने लागतील, सगळं परत येईलच असं सांगता येत नाही. आणि काकू? ती डॉक्टरांपुढे मान वाकवून म्हणाली, "माझंच हाड वाकडं. तुमच्या नावाला बट्टा लागला माझ्यामुळं." पायातली कळ गेली म्हणून आभार पण मानले. वर सगळ्या वॉर्डाला सांगत सुटली, "ह्या मालसुननं शेवटपर्यंत माझा हात सोडला नाय हो. गुणाची पोर."

ते ऐकून ताई धुण्याच्या खोलीत जाऊन बसली. मला वाटलं हळवी झाली असेल.

नंतर तिने उशाशी बसायचं काम सोडलं. हत्यारं धुवायची, कापडं घड्या करायची, असली कामं मागून घेतली. तिच्या जागी एक नवी नर्स बसायला लागली, बिचारी गोड होती, पण पेशंट "ठीक आहे" म्हणाला की ती पण ठीक आहे म्हणायची. डॉक्टर आता दुप्पट वेळा थांबायचे आणि दुप्पट घामाघूम व्हायचे. शरदाच्या सणाला काकूच्या मुलाने ताईसाठी सुक्या मांदेलीसारख्या मासळीचा खोका पाठवला, रेशमी फडक्यात बांधून. तो खोका तिच्या कपाटात तसाच, गाठसुद्धा न सोडता.

माझा काही फार सबुरीचा स्वभाव नाही. एका दुपारी आम्ही हॉस्पिटलच्या मागच्या कट्ट्यावर जेवत होतो, भाताच्या सुरळ्या आणि तिखटात घातलेलं माकूळ. मी तोंड सोडलं.

"बस झाली ही नाटकं, ताई. एका पेशंटचं बिघडलं म्हणून कुणी उशाशी बसायचंच सोडतं का? नस कुणाला दिसते? डॉक्टरांना दिसली नाही, मला दिसली नाही. तुझा काय दोष त्यात?"

तिने सुरळी खाली ठेवली.

"मी तिला सोस म्हटलं," ती म्हणाली.

"कुणाला?"

"काकूला. मधेच ती कण्हली. म्हणाली, पावलात आग होतेय गो. आणि माझ्या तोंडातून गेलं, जरा सोसा काकू, होतच आलंय."

मी घास गिळायचा विसरलो.

"मग ती बोललीच नाही. पण हात, असा आवळला होता तिने, नखं रुतली माझ्या तळहातात. मला कळत होतं रे. सगळं कळत होतं. डॉक्टरांनी विचारलं आणि मी म्हटलं ठीक आहे."

"अगं, तोंडातून निघून जातं. आपल्या जिभेला वळणच आहे ते."

"वळण?" ती माझ्यावर खेकसली. "इतक्या बायकांचे हात धरले मी. एकीला म्हटलं? डॉक्टरांच्या स्वतःच्या आईचं ऑपरेशन झालं तेव्हा तिलाही नाही म्हटलं. काकूलाच का म्हटलं?" मग आवाज एकदम खाली आला. "मला बरं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. ती सोसतेय आणि मी बघतेय. बघ म्हटलं आता कसं असतं ते. आणि ती मला गुणाची पोर म्हणते, मासळी पाठवते. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं रे. तोंड कुठे लपवू मी?"

खरं सांगायचं तर मला तिचा राग आला. इतका की उठून जावंसं वाटलं. आयुष्यभर पेशंटना ओरडायला शिकवणारी ही बाई, आणि हिनेच? मग ती तो मेलेला अंगठा चोळत बसली होती ते दिसलं, आणि राग कुणावर काढायचा ते मला कळेना. शेवटी मी माकुळाचं पान तिच्याकडे सरकवलं. तिने खाल्लं नाही, मीही नाही.

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"नाही."

"मग आधी ते कर."

ती उठली आणि तशीच, तिखटाच्या हातांनी गेली. मी दारात उभा राहिलो. बान डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचे कान लालबुंद झाले. ते टेबलावरचा प्लास्टिकचा मणका हातात फिरवत राहिले, ज्याच्यातून पिवळ्या नसा बाहेर काढून दाखवल्यात तो.

"नळी माझ्या हातात होती, मालसुनताई," ते म्हणाले.

"कान मी होते ना, डॉक्टर."

"मी आणखी एकदा विचारायला हवं होतं. तुम्ही ठीक म्हणायला वेळ लावलात, ते मला जाणवलं होतं." त्यांनी मणका खाली ठेवला. "त्यांच्या घरी मला जावं लागेल. सगळं सांगावं लागेल."

"जा. पण आधी मी."

"ह्याच्यावरून हॉस्पिटल तुम्हाला काढू शकतं."

"काढू देत."

शेड गावापासून लांब, दुसऱ्या खाडीवर. रविवारी मीच गाडी काढली. ताई वाटभर मांडीवर तो मासळीचा खोका घेऊन बसली होती, बांधलेला. परत करायचा म्हणाली. हंगाम नुकताच सुरू झालेला, हिवाळी किमचीच्या लोणच्यात घालायला कालवांची मागणी, त्यामुळे शेडला सुट्टी नव्हती. दारातच शिंपल्यांचा डोंगर. आत लांबच लांब टेबलं आणि दोन्ही अंगांनी रबरी एप्रन घातलेल्या बायका.

"काय रे फोटोवाल्या!" एकीने हाक दिली. "इथं कुणाची हाडं बघायला आलास? की सोयरीक आणलीस?"

"तुझीच आणली होती, पण नवऱ्यामुलाने फोटो बघितला आणि पळाला," मी म्हटलं. एरवी मला हे आवडतं. त्या दिवशी हसू तोंडातच वाळलं, कारण टेबलाच्या टोकाला काकू दिसली.

सगळ्या उभ्या आणि ती एकटी उंच स्टुलावर. डाव्या पायात तिचा नेहमीचा बूट, उजव्या पायात कुणा पुरुषाचा मोठा बूट, कारण पाऊल लोंबू नये म्हणून घातलेली प्लास्टिकची पट्टी तिच्या बुटात मावत नव्हती. हात मात्र तेच, वेगात सुरी अजूनही दिसत नव्हती.

मालसुनताईने खोका टेबलाच्या कडेला ठेवला आणि ती काकूपुढे ओल्या फरशीवर, शिंपल्यांच्या चुऱ्यात गुडघे टेकून बसली.

"ऊठ गो," काकू म्हणाली. "भिजशील."

ताई उठली नाही. तिने सांगितलं. सगळं सांगितलं, सोसा म्हटलं ते, हात आवळलेला कळला होता ते, डॉक्टरांना खोटं सांगितलं ते. आणि क्षणभर बरं वाटलं तेही. ते सांगितलं नसतं तरी चाललं असतं, मला वाटलं. शेजारच्या बायकांच्या सुऱ्या मंदावल्या. काकूचा हात चालूच होता. एक कालव, दुसरं, तिसरं.

"ठाऊक हाय," ती म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"तू सोस म्हणालीस ते. कान धड हायत माझे."

"मग ओरडला का नाहीत?" ताईचा आवाज फाटला. "मी काहीही म्हणेन! पाय तुमचा होता. ओरडायचं होतं. थोबाडीत मारायची होती माझ्या!"

काकूचा हात थांबला. सुरी तिने टेबलावर ठेवली, आणि मी सांगतो, त्या टेबलावर हंगामात कुणी सुरी खाली ठेवत नाही.

"तुझा डावा हात होता माझ्या हातात," ती म्हणाली. "अंगठ्याचा वण लागत होता मला. सारखा लागत होता. आता सांग, कुठल्या तोंडानं ओरडू मी?"

ताईने आपल्या डाव्या अंगठ्याकडे बघितलं.

"पोर होतीस," काकू टेबलाकडे बघत म्हणाली. "पाण्यात रक्तच रक्त. डॉक्टरकडं न्यायला पायजे होती तुला. मी टोपल्या बघत बसले. त्या दिवशी टेबलावर पडल्या पडल्या वाटलं, हिच्यासमोर नाय ओरडायचं. हिच्यासमोर तर नायच. एवढी तरी लाज ठेवावी."

इतक्या बायका तिथे. सगळ्या माना खाली घालून भराभर कालवं फोडायला लागल्या, आपल्याला काही ऐकूच आलं नाही असं दाखवत. मी पण छपराकडे बघत राहिलो. मला नाक शिंकरायचं होतं आणि रुमाल गाडीत होता.

ताईने डोळे पुसले आणि हात पुढे करून तो मोठा बूट ओढून काढला. सवयच तिची, पेशंटचा पाय दिसला की हात जातोच. पट्टीवरून चढवलेला मोजा उतरवला. पट्टीचा पट्टा घोट्याशी करकचून आवळलेला होता, त्याच्या कडेची कातडी सोलून लाल झाली होती आणि एका जागी ओली. किती दिवस तशी होती देव जाणे.

"लागतंय का?" ताईने विचारलं. ऑपरेशनच्या त्या दिवसानंतर हा प्रश्न तिने कुणालाच विचारला नव्हता.

"नाय," काकू म्हणाली.

ताईने पाय मांडीवर घेतला. दुसरा हात वर करून काकूचा हात धरला, डाव्या हाताने, अंगठा वर ठेवून, आणि धरून राहिली.

"काकू. लागतंय का?"

काकूने मान वळवून टेबलावरच्या बायकांकडे बघितलं, कुणी ऐकत तर नाही ना म्हणून. मग खाली वाकली, तोंड ताईच्या कानाशी नेलं.

"लागतंय गो," ती म्हणाली. "लय लागतंय."

ताईने पट्टा सैल केला.